महिना अठ्ठावीस दिवसांचा, जबाबदारी दोन टक्क्यांची

मोठ्या कंपन्यांच्या ‘सामाजिक उत्तरदायित्वा’चा उच्चार आपल्याकडे आतां इतका रूढ झाला आहे कीं, त्या शब्दाचा अर्थ विचारणें हेंच असभ्यपणाचें ठरूं पाहत आहे. मोबाइल फोनची सेवा विकणारी कंपनी एखाद्या शाळेस बाकें देते किंवा झाडें लावते. समारंभ होतो, छायाचित्रें निघतात, आणि आम्ही सुशिक्षित म्हणविणारे लोक टाळ्या वाजवून घरीं येतों. प्रस्तुत लेखकाची तक्रार त्या बाकांविरुद्ध नाहीं व झाडांविरुद्ध तर मुळींच नाहीं. तक्रार एवढीच कीं, दान आणि उत्तरदायित्व हे दोन भिन्न पदार्थ असतां पहिल्यावर दुसऱ्याची चिठ्ठी चिकटवून तो आपल्या गळ्यांत बांधला जात आहे.

आधीं कायदा काय म्हणतो तें पाहूं. इ. स. 2013 च्या कंपनी कायद्याचें 135 वें कलम 1 एप्रिल 2014 पासून अमलांत आलें. ज्या कंपनीचें नक्त मूल्य 500 कोटी रुपये, किंवा उलाढाल 1,000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजोपयोगी कामांवर खर्च करावे, असा त्याचा आशय. याच कायद्याखालील नियमांत अशीहि तरतूद आहे कीं, कंपनीच्या नेहमींच्या धंद्यांत मोडणारें काम या खर्चांत धरूं नये. ती एका परीनें रास्तच आहे. नाहीं तर प्रत्येक दुकानदार आपली विक्री हीच लोकसेवा म्हणून दाखवूं लागता. परंतु तिचा परिणाम काय झाला? धंदा एका वहींत आणि जबाबदारी दुसऱ्या वहींत अशी कायमची फाळणी झाली. पहिल्या वहींत कांहींहि लिहा, दुसरीचे दोन टक्के भरले कीं सद्गुणांचा दाखला हातीं!

आमच्या मेहरूणचीं बोरें खानदेशांत प्रसिद्ध आहेत. थंडीच्या दिवसांत तीं विकावयास बसलेली बाई माप भरल्यावर वर मूठभर बोरें घालते. ती तिची उदारता. पण समजा, तिनें मापच खोटें ठेवलें आणि संध्याकाळीं चार बोरें देवळापुढील पोरांस वांटलीं, तर तिला कोणी दानशूर म्हणेल काय? वजनमापें तपासणारा निरीक्षक तिला दंड करील, आणि तो योग्यच करील.

आतां फोनकंपनीचें माप पाहा. तिचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. बारा वेळां पैसे भरले कीं 336 दिवस होतात. उरलेल्या एकोणतीस दिवसांसाठीं तेराव्यांदा खिशांत हात घालावा लागतो. आमच्या पंचांगांत अधिक मास सुमारें तीन वर्षांनीं एकदां येतो, व त्यांत जांवयास वाण देण्याची तरी चाल आहे. कंपनीच्या पंचांगांत तो दरवर्षीं येतो आणि वाण नेहमीं तिलाच मिळतें. मजुराची व कारकुनाची प्राप्ति बारा महिन्यांची, खर्च मात्र तेरा महिन्यांचा. वर्षाच्या एकूण भरण्यांपैकीं हा तेरावा हिस्सा म्हणजे साडेसात टक्क्यांहून अधिक होतो, आणि तो नफ्याचा नव्हे, ग्राहकानें दिलेल्या सबंध रकमेचा. त्याच्यापुढें नफ्यांतील दोन टक्के केवढे? 2022 च्या जानेवारींत दूरसंचार नियामक प्राधिकरणानें निदान एक तरी योजना तीस दिवसांची ठेवा असें बजावलें. कंपन्यांनीं आज्ञा अक्षरशः पाळली. तशी योजना आली, आणि तिच्या शेजारीं अठ्ठावीस दिवसांच्या योजना पूर्वींप्रमाणेंच नांदत राहिल्या.

यावर कंपनीचा वकील म्हणेल कीं, आम्ही कांहीं लपवीत नाहीं. दिवसांचा आंकडा स्पष्ट छापलेला असतो. ग्राहकानें डोळे उघडे ठेवून घ्यावें. आक्षेप वजनदार आहे, परंतु तो ग्राहकाला निवड आहे असें गृहीत धरतो. 2003 सालीं येणारा फोन निःशुल्क झाला, तेव्हां गरिबाच्या हातांत हें यंत्र खऱ्या अर्थानें आलें. पुढें 2018 च्या अखेरीस किमान भरण्याची अट आली व येणारा फोनहि पैसे न भरल्यास बंद होऊं लागला. रावेर-यावलकडे केळीच्या बागांत राबणाऱ्या मजुरास उद्यां काम आहे कीं नाहीं हें मुकादमाच्या फोनवरून कळतें. बँकेचा सांकेतिक आंकडा त्याच क्रमांकावर येतो, आधारपत्रहि त्यालाच जोडलेलें. असा क्रमांक ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. ती घराच्या पत्त्यासारखी झाली आहे. आणि दुसरीकडे जावें म्हटलें, तर जावें कोठें? खासगी कंपन्या उरल्या तीन, आणि जुलै 2024 मध्यें तिघींनींहि एका दिवसाच्या अंतरानें दर वाढविले.

नफ्यावर जबाबदारी टांगली म्हणजे काय गंमत होते, याचें उदाहरण व्होडाफोन आयडियाचें आहे. 2019-20 या वर्षीं या कंपनीस 73,878 कोटी रुपये तोटा झाला. सरासरी नफाच नाहीं, तेव्हां दोन टक्केहि नाहींत. म्हणजे कायद्याच्या भाषेंत कोट्यवधि ग्राहक असलेल्या या संस्थेकडे खर्चावयाचें सामाजिक दायित्व शून्य! ती कंपनी बुडावी अशी आमची इच्छा नाहीं; बुडाली तर तीनाच्या दोन होतील. तिच्या थकबाकीचें भांडवलांत रूपांतर करून 2025 पर्यंत सरकारच तिचें जवळजवळ निम्म्याचें भागीदार झालें आहे. पण तिच्या ग्राहकाशीं सचोटीनें वागण्याचें, त्याच्या तक्रारीस उत्तर देण्याचें कर्तव्य तोट्याच्या वर्षीं संपतें काय?

दुर्गम गांवांना सेवा मिळावी म्हणून 2002 सालीं सार्वत्रिक सेवेचा एक निधि स्थापन झाला, व कंपन्यांच्या महसुलाचे पांच टक्के त्यांत जाऊं लागले. तरीहि 2020 च्या टाळेबंदींत शाळा फोनवर भरूं लागल्या, तेव्हां सातपुड्यांतील पाड्यांवरच्या पोरांना ‘रेंज’ मिळावी म्हणून टेकड्या चढाव्या लागल्या. जुलै 2022 मध्यें केंद्र सरकारनें देशांतील 24,680 वंचित गांवांसाठीं 26,316 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि तें काम सोंपविलें कोणाकडे? ज्या सरकारी भारत संचार निगमाच्या नांवानें आपण सगळे नाकें मुरडतों, त्याच्याकडे. जेथें माणसें दाट तेथें व्यापार, जेथें विरळ तेथें सरकार, आणि दोहोंच्या मध्यें छायाचित्रांसाठीं थोडी समाजसेवा, अशी ही वांटणी आहे.

सगळेंच दान ढोंगी असतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. भारती उद्योगसमूहानें 2006 पासून उत्तरेकडील खेड्यांत मोफत शाळा चालविल्या; तेव्हां हा कायदा अस्तित्वांतहि नव्हता. आमच्या अमळनेरास श्रीमंत प्रतापशेठांनीं 1916 मध्यें तत्त्वज्ञान मंदिर उभारलें, तें कोणत्याहि कलमाच्या धाकानें नव्हे. त्याच अमळनेरांत 1945 च्या डिसेंबरांत वनस्पति तुपाची कंपनी निघाली, तीच पुढें विप्रो झाली. गांवांतील साध्या लोकांनीं तिचे भाग घेतले आणि कंपनी वाढली तशीं त्यांचीं घरेंहि वाढलीं. यांत दान तिळमात्र नव्हतें, भागीदारी होती. आणि अमळनेरकर त्या कंपनीचें नांव आजहि ज्या आपुलकीनें घेतात, ती कोणत्याहि बाकावर नांव रंगवून मिळावयाची नाहीं.

मेहरूणच्या तलावापासून थोड्याच अंतरावर जैन टेकडीवर 2012 पासून गांधीतीर्थ उभें आहे. तेथें जाणाऱ्या सहलींतील मुलांना गांधीजींचा विश्वस्ताचा सिद्धांत सांगितला जात असेल, तर त्यांतील हिशेब नीट सांगावा. धनिकानें आपल्या संपत्तीचा अमुक भाग द्यावा असें त्यांत नाहीं. सगळी संपत्ति समाजाची ठेव समजून वागावें असें आहे. विश्वस्त अठ्ठ्याण्णव रुपये कसे मिळविले हें विचारूं देत नाहीं व दोन रुपयांची पावती पुढें करतो, असें कोणत्या न्यासांत चालेल?

म्हणून आमचें मागणें अगदीं माफक आहे. उत्तरदायित्वाचा जो वार्षिक अहवाल कंपन्या छापतात, त्यांत बाकांच्या आधीं कांहीं आंकडे यावेत: एक क्रमांक वर्षभर नुसता जिवंत ठेवण्यास किती रुपये पडतात; किती तक्रारी आल्या व किती निकालांत निघाल्या; आणि प्रत्येक जिल्ह्यांत किती गांवें आपण पैशाच्या हिशेबानें सोडून दिलीं. इंग्रजी काव्य शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्यानें या वाटेस जाऊं नये असें कोणी म्हणेल. परंतु असे देणगीसमारंभ आतां महाविद्यालयांच्या सभागृहांत होतात, आणि तेथें आभारप्रदर्शनाचें काम बहुधा आम्हां भाषेच्या अध्यापकांवरच येतें. पुढच्या वेळीं तें माझ्याकडे आलें, तर आभार मी यथासांग मानीन, आणि मग व्यासपीठावरील पाहुण्यांना त्यांचा महिना तीस दिवसांचा केव्हां होणार, हेंहि विचारीन.