जुन्या मोटारसायकलचा परफॉर्मन्स (आणि आमच्या घरातलं भांडण)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी घरात एक अपघात झाला (घाबरू नका, आता सगळं ठीक आहे). त्यावरून नातेवाइकांत जी चर्चा चालू आहे ती प्रत्येकाशी फोनवर वेगवेगळी करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावी असं ठरवलं. पुण्याच्या आणि नांदेडच्या मंडळींनी जरा सावकाश वाचावं. रागावणार असाल तर शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

विषय आहे ह्यांची मोटारसायकल. 1993 साली घेतलेली फोर-एस चॅम्पियन, टाकीवर कावासाकी आणि बजाज अशी जोडनावं. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 साली सुरू झाला आणि आमच्या शहराचं रूपच पालटलं. गल्लीतल्या दर तिसऱ्या घरातलं कोणी ना कोणी तिथे किंवा तिथे सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या शेडमध्ये कामाला. त्यामुळे मोटारसायकलबद्दल मत नसलेला माणूस आमच्याकडे सापडत नाही. मी मात्र लूनावर शाळेत जाणारी मराठीची बाई. म्हणून माझं मत कोणी विचारलं नाही. आता न विचारता सांगते.

हे गेल्यानंतर गाडी माझ्या नावावर करून घेतली, 2023 साली नोंदणीचं नूतनीकरणही केलं. धाकट्या दिरांच्या नातवाला कॉलेजला जायला गाडी हवी होती, त्याला किल्ली दिली. दोन महिन्यांनी तो म्हणाला, "आजी, गाडी दमलीय. हिचा परफॉर्मन्स वाढवून घेतो." मी म्हटलं, बघ बाबा.

त्याने एका गॅरेजात (नाव लिहीत नाही, तसली दुकानं गावोगाव आहेत) साडेसात हजार रुपये मोजून तीन कामं करून घेतली. एअर फिल्टरचा डबा काढून तिथे जाळीचा शंकू लावला, कार्बोरेटरचा जेट मोठा घातला आणि मूळ सायलेन्सर काढून फटाक्यासारखा वाजणारा बसवला. गाडी दारात आली तेव्हा शेजारचं तान्हं मूल दचकून रडायला लागलं. नातू म्हणाला, "बघा आजी, किती पॉवर आली!"

इथे माझा पहिला मुद्दा. आवाज म्हणजे ताकद नव्हे. वर्गात सगळ्यात मोठ्याने ओरडणारं पोर पहिलं येतं असा माझा तरी अनुभव नाही. कंपनीने फिल्टर, जेट आणि सायलेन्सर एकमेकांच्या मापाने बसवलेले असतात. एक बदलला की बाकीच्यांचं गणित बिघडतं. त्यात मराठवाड्याची धूळ! उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. तीच धूळ त्या शंकूतून सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा घासून काढते. म्हणजे ताकद वाढवायची म्हणून पैसे भरायचे आणि होती ती ताकद कानशीने घासून टाकायची.

खरी परीक्षा दौलताबादच्या घाटात झाली. पूर्वी वेरूळला जाताना आम्ही दोघं आणि डबा, पाण्याची पिशवी असे तो घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढायचो. 'वाढीव परफॉर्मन्स'वाली गाडी एकट्या नातवाला घेऊन दुसऱ्यावर आली. आणि खुलताबादहून परतताना, घाट उतरून दिल्ली दरवाजाकडे येताना, समोर एक ट्रॅक्टर आडवा आला. नातवाने ब्रेक दाबला. ब्रेक नुसता खाली गेला. गाडी घसरली, पोराच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. हेल्मेट होतं म्हणून मी आज हे लिहू शकतेय.

आता घरातले दोन पक्ष. एक पक्ष म्हणतो, जुनी गाडी म्हणजे मरणाचा सापळा, भंगारात द्या. हा पक्ष मोठा आहे. दुसऱ्या पक्षात तरुण मंडळी. त्यांचं म्हणणं, गॅरेज चुकीचं निवडलं, चांगल्या ठिकाणी काम केलं असतं तर गाडी 'उडाली' असती. माझ्या मते दोघंही चुकताहेत, आणि चूक एकच आहे. गाडीचं नेमकं काय हरवलंय हे कोणीच पाहिलं नाही.

आधी तरुणांकडे वळते. बाळांनो, जुन्या गाडीची ताकद वाढवायची नसते, हरवलेली परत आणायची असते. शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाडीला नवी असताना साधारण सात-आठ हॉर्सपॉवर मिळत. तीस वर्षांनी त्यातले किती उरलेत ते तर मोजा! आमच्या गाडीचं मोजमाप माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने केलं. सिडकोत त्याचं छोटं गॅरेज आहे, मराठीत तो कायम काठावर पास व्हायचा. प्लगच्या जागी मीटर लावून त्याने कॉम्प्रेशन पाहिलं, कमी निघालं. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. म्हणाला, "बाई, ऑइल टाकल्यावर आकडा वाढला तर रिंगा गेल्या. नाही वाढला तर व्हॉल्व्हमधून गळतंय." आमचा आकडा वाढला, पण पुरेसा नाही. म्हणजे दोन्ही. काय सुंदर रीत आहे! व्याकरणात प्रयोग ओळखायला आम्ही कर्ता बदलून पाहायला सांगतो, अगदी तसंच.

मग त्याने गाडी मोठ्या स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवलं. अर्धा फेरा फिरून थांबलं. ड्रमच्या आतला कॅम गंजून अडकल्यामुळे ब्रेक कायम थोडा घासत होता, आणि हवा होता तेव्हा लागत नव्हता, कारण लायनर संपलेलं. चेन कोरडी आणि लोंबणारी. तिला दोन-अडीच सेंटिमीटरची ढील पुरे, हिची मुठीएवढी. टायरमध्ये हवा कमी. क्लचची केबल इतकी ताणलेली की प्लेटा घसरत होत्या. इंजिनाने कमावलेलं असं वाटेतच चार ठिकाणी गळत होतं, आणि आम्ही इंजिनाला बडवत होतो.

आता थोडं गणित. (मी बी.ए. मराठी, पण स्टाफरूममध्ये तीस वर्षं गणिताच्या मास्तरांशेजारी बसले आहे.) वेग वाढतो तसा हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. दुप्पट वेगाला आठपट ताकद. म्हणजे आठाचे नऊ हॉर्सपॉवर केले, साडेबारा टक्के वाढ, तरी ताशी 75 ची गाडी फार तर 78 जाईल. त्या तीन किलोमीटरसाठी साडेसात हजार! उलट ब्रेकचं पाहा. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. 40 च्या ऐवजी 60 ने गेलात तर ब्रेकवरचं काम सव्वादोनपट. 60 ने जाणारी गाडी एका सेकंदात पावणेसतरा मीटर जाते, म्हणजे तुम्ही दचकून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत वर्गखोलीच्या दुप्पट अंतर मागे पडलेलं असतं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांनासुद्धा पुढचा-मागचा जोड ब्रेक सक्तीचा झाला. मग 1993 च्या ड्रम ब्रेकवर इंजिन तेवढं तापवणारा माणूस नेमका कशाचा परफॉर्मन्स वाढवतो?

"पण आजी, आरएक्स 100?" हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. यामाहाची ती गाडी 1985 ते 1996 या काळात इथे बनली आणि तिचे भक्त अजून आहेत. मान्य. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरचा आकार बदलून आणि सिलिंडरची दारं कोरून ताकद खरोखर वाढते. ते शास्त्र आहे आणि जाणकाराच्या हातात ती कलाही आहे. पण त्या ताकदीची जागा शर्यतीच्या मैदानावर, आपल्या खर्चाने आणि जोखमीने. जालना रोडवर संध्याकाळी सहा वाजता नव्हे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर बदल करायला मनाई आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी माझ्या नावावर आहे. म्हणजे फटाके नातवाने वाजवायचे आणि या वयात हर्सूलच्या तुरुंगात मी जायचं!

आता भंगारवाल्या पक्षाकडे. तुमचं म्हणणं की जुनी गाडी मुळातच धोक्याची. नाही. न पाहिलेली गाडी धोक्याची. इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. हे एक वही ठेवायचे. किती लिटर पेट्रोल, किती किलोमीटर, कधी ऑइल, कधी प्लग. सुरुवातीच्या पानांवर लिटरला 70 च्या आसपासचे आकडे आहेत, शेवटच्या पानांवर 48. गाडी दमल्याचं सगळं वहीत लिहिलेलं होतं. आणि 2022 च्या शेवटच्या पानावर, आजारपणातल्या वाकड्या अक्षरात, एक ओळ आहे: "मागचे लायनर बदलणे." वही माझ्याच कपाटात होती. किल्ली देताना मी ती दिली नाही. माझ्याकडे ठेवावीशी वाटली. म्हणून गॅरेजवाल्याला आणि नातवाला बोल लावणाऱ्यांनी माझंही नाव त्या यादीत घालावं. हे मी कोणाला फोनवर सांगितलं नव्हतं, आज सांगते.

आणखी एक नवी अडचण, जिच्याकडे दोन्ही पक्षांचं लक्ष नाही. 2025 पासून पंपावर आपल्याला बहुतेक 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्क्यांची तूट. नव्या इंजेक्शनच्या गाड्या आपलं आपण थोडंफार जुळवून घेतात, कार्बोरेटरला ते कळत नाही. मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, जुने रबरी पाइप आणि गॅस्केट कडक होतात. जुन्या वाहनांचे काही रबरी भाग बदलावे लागू शकतात हे सरकारनेही सांगितलं आहे. त्यामुळे दमलेल्या जुन्या गाडीवाल्यांनी आधी पाइप बदलावेत, कार्बोरेटर साफ करावा आणि प्लगचा रंग पाहावा. बिस्किटासारखा तपकिरी असला तर ठीक, काळा काजळी धरलेला असला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर कमी. जेट बदलायचा तर तो असा, पुरावा पाहून. आणि गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल पाणी ओढून घेतं.

आमच्या गाडीचं शेवटी काय झालं ते सांगते. मूळ फिल्टरचा डबा आणि सायलेन्सर नातवाने स्वतः त्या गॅरेजातून परत आणले (एक हात गळ्यात बांधलेला असताना). बोअर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह घासून बसवले, टॅपेट लावले. दोन्ही ब्रेकची लायनर, केबली, चेन-स्प्रॉकेट, टायर. सगळं मिळून खर्च त्या साडेसात हजारांपेक्षा जास्त आला, लपवत नाही. पण पहिले पाचशे किलोमीटर हळू चालवून झाल्यावर नातू परत त्याच घाटात गेला. तिसऱ्या गिअरमध्ये चढला. लिटरला 58 पडतात, तेही या पेट्रोलवर. नवी असताना होती त्याहून एक कणही जास्त ताकद तिच्यात घातलेली नाही. तिची होती तेवढी तिला परत दिली.

तेव्हा भंगार पक्षाने आता फोन करून मला समजावू नये. गाडी विकणार नाही. तरुण पक्षासाठी नियम एकच: आधी ती थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, मग पळाली तर पळू दे. हा क्रम ज्याला मान्य असेल त्याला किल्ली मिळेल.

वही आता नातवाकडे आहे. परवा त्याने पहिली नोंद केली. 'लायनर बदलले' असं लिहिलंय, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे. मी मुद्दाम तपासलं.

असो. कोणाच्या अंगणात अशी एखादी गाडी पडून असेल तर आज संध्याकाळी फक्त मागचं चाक हाताने फिरवून पाहा, आणि किती फेरे फिरलं ते मला कळवा.