उपाहारगृहाचा विमा : जोखीम कुणाची, संरक्षण कुणाला?

मालाडला २००१ साली सुरू झालेले आणि पुढे 'जम्बोकिंग' या नावाने पसरलेले वडापावचे दुकान हे एका नव्या व्यापारपद्धतीचे ठळक उदाहरण मानले जाते. नाव, पाककृती आणि पाटी एकाची. भांडवल, जागा आणि कष्ट दुसऱ्याचे, अशी ही फ्रँचायझीची पद्धत. वडापाव आणि चहा विकणाऱ्या अनेक संस्थांनी तिचा अवलंब केला आहे. मंडणगडसारख्या लहान तालुक्यातील, मुंबईची नोकरी सोडून गावी परतू पाहणाऱ्या तरुणालाही हा मार्ग खुणावला तर नवल नाही. मात्र या व्यवहारात नफ्याच्या वाटणीची जितकी चर्चा होते तितकी जोखमीच्या वाटणीची होत नाही.

अशा करारात बहुधा विम्याचे एक कलम असते. शाखाचालकाने स्वखर्चाने विमा उतरवावा, विमापत्रात मूळ संस्थेचेही नाव घालावे आणि शाखेतील घटनेमुळे संस्थेवर दावा आल्यास त्याची भरपाई करून द्यावी, असा त्याचा साधारण आशय. म्हणजे विक्रीवरील स्वामित्वशुल्क वर जाते आणि जोखीम खाली येते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्यावरच मुख्यतः भिस्त आहे. अमेरिकेत १९७९ पासून लागू असलेल्या नियमानुसार, विम्यासह सर्व बंधनांचे माहितीपत्रक करारापूर्वी हाती द्यावे लागते. येथील तरुणाने मात्र सही करण्यापूर्वी ते कलम वाचले तर वाचले.

उपाहारगृहाची जोखीम तीन प्रकारची असते : मालमत्तेची, कामगाराची आणि ग्राहकाची. पहिलीची जाणीव कोकणाला निसर्गानेच करून दिली आहे. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीतील घरांची छपरे आणि बागा उद्ध्वस्त केल्या. २२ जुलै २०२१ च्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडविली. आग, वादळ, पूर यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' हे प्रमाणित विमापत्र १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असून, पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेचे उद्योग त्यात बसतात. परंतु हप्ता वाचविण्यासाठी दहा लाखांची मालमत्ता पाच लाखांना दाखविली, तर दोन लाखांच्या नुकसानीपोटी एकच लाख हाती येतो, कारण विम्याच्या प्रमाणातच भरपाई मिळते. शिवाय कर्जदाराला अनेकदा वाटते, की बँकेने विमा उतरविला म्हणजे आपण सुरक्षित झालो. वस्तुतः बँकेला आपल्या तारणाची चिंता असते. गिऱ्हाईक भाजले किंवा आचारी जखमी झाला, तर त्या विमापत्राचा काही उपयोग नसतो.

कामगाराच्या बाबतीत कायदा जुना आणि स्पष्ट आहे. कामावर असताना अपघात झाल्यास मालकाची चूक नसली तरी भरपाई द्यावी लागते, हे तत्त्व १९२३ च्या कायद्याने रुजविले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ते पुढे चालविले. पण भरपाईचे दायित्व असणे वेगळे आणि ती देण्याची ऐपत असणे वेगळे. तीन-चार नोकर ठेवणाऱ्या चालकाजवळ ऐपत नसेल, तर कामगाराचा हक्क कागदावरच राहतो.

ग्राहकाचे काय? १६ ऑक्टोबर २०१५ रोजी कुर्ल्यातील एका उपाहारगृहाला लागलेल्या आगीत आठ जण मरण पावले. त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येकाच्या कुटुंबाला ५० लाख रुपये देण्याचा आदेश मुंबई महापालिकेला दिला. म्हणजे पालकांना जवळजवळ दहा वर्षे झगडावे लागले आणि भरपाईचा भार आला तो नागरिकांच्या करातून चालणाऱ्या तिजोरीवर. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यात सदोष अन्नाने मृत्यू झाल्यास किमान पाच लाखांच्या भरपाईची तरतूद आहे. पण ती रक्कम कोठून उभी राहणार, याचे उत्तर त्यात नाही. रस्त्यावर स्कूटर काढायची तर त्रयस्थाचा विमा सक्तीचा. पण गॅसच्या शेगड्या पेटवून पन्नास माणसांना जेवू घालणाऱ्याला तशी सर्वसाधारण सक्ती नाही, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

लहान व्यावसायिकाचे कंबरडे हप्त्याने मोडेल, हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. कासवांसाठी प्रसिद्ध झालेल्या वेळासमध्ये हंगामापुरते पाहुण्यांना जेवू घालणाऱ्या गृहिणीला आणि बड्या संस्थेच्या शाखाचालकाला एकच माप लावणे अन्यायाचे होईल. परंतु विम्याचे मूळ तत्त्वच मुळी पुष्कळांनी थोडे थोडे द्यावे आणि एखाद्यावरचे मोठे संकट निवारावे हे आहे. गावातील सर्व खाणावळींचे एकत्रित विमापत्र काढता आले, तर प्रत्येकीवरचा बोजा हलका होईल. फ्रँचायझीच्या बाबतीत, ज्या प्रमाणात मूळ संस्था विक्रीचा वाटा घेते त्या प्रमाणात तिने हप्त्यातही वाटा उचलावा. परवाना देताना वा त्याचे नूतनीकरण करताना त्रयस्थाच्या विम्याचा पुरावा मागावा, आणि विमापत्रातील अटी सोप्या मराठीत मिळाव्यात.

विमा हा सावधगिरीचा पर्याय मात्र नव्हे. घरगुती गॅस सिलिंडर धंद्यासाठी वापरणे, बाहेर पडण्याची वाट पिंपे आणि खोक्यांनी अडविणे, घरात खाणावळ चालते हे विमा कंपनीपासून लपविणे, यांपैकी एखादी गोष्टही ऐन वेळी दावा फेटाळला जाण्यास पुरेशी ठरू शकते. अग्निशमनाची तपासणी आणि विमा ही दोन्ही चाके बरोबर फिरली पाहिजेत.

पाटी कुणाच्या नावाची आहे, हे ग्राहक बाहेरूनच वाचतो. आत काही विपरीत घडले तर जबाबदारी कुणाची, याचे उत्तरही तितकेच स्पष्ट असले पाहिजे. ते देण्यासाठी शासनाने आणखी एखाद्या दुर्घटनेची वाट पाहू नये.