आधी पाणी काढा, मग युरिया

शेतात पाणी तुंबून कपाशी पिवळी पडली, की घरातले अब्बा-चाचा युरियाची गोणी उघडतात. आम्ही म्हणतो, जरा थांबा. मुळं नायट्रेट फुकटात शोषत नाहीत. पेशीच्या पडद्यातली प्रथिनं ते आत ओढतात. त्याला ऊर्जा लागते, ऊर्जेसाठी हवा. तुंबलेल्या पाण्यात मुळं गुदमरतात, खत असूनही पीक उपाशी! शिवाय नायट्रेटवर ऋण भार, मातीच्या कणांवरही बहुतेक ऋणच. मग माती त्याला धरणार कशी? काही वायू होऊन उडतं, काही विहिरीत झिरपतं. लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेलेलं पाणी तान्ह्या बाळाच्या पावडरच्या दुधात मुळीच नको. उकळूनही नायट्रेट जात नाही. चर काढा, वाफसा येऊ द्या. मग युरिया, तोही विभागून.