पाहिले तेवढीच शहादत

शाबानच्या २९ तारखेला मगरिबनंतर मशिदीच्या गच्चीवर गर्दी होते. दरवर्षी कोणीतरी बोट दाखवून ओरडतो, ‘तो बघा चाँद!’ आजूबाजूचे चार-पाच जण लगेच माना डोलावतात. मग एखादे बुजुर्ग शांतपणे विचारतात, ‘बाळा, तू स्वतः पाहिलास?’ पुष्कळदा उत्तर येते, ‘नाही, तो म्हणाला म्हणून.’ तिथेच त्याची शहादत संपते. शहादत म्हणजे साक्ष. ती स्वतः पाहिलेल्याचीच असते, ऐकलेल्याची नाही.

यंदा हाच प्रश्न माझ्यासमोर आला, तोही चंद्रावरून नव्हे. रमजानच्या शुभेच्छांबरोबर एक संदेश माझ्या मोबाइलवर आला. ‘आपल्या आकाशगंगेबाहेरची दीर्घिका सर्वात आधी अल-सूफी या मुस्लिम शास्त्रज्ञाने दुर्बिणीतून शोधली’, असे त्यात होते. खाली मोठ्या मॅगेलन मेघाचे सुंदर छायाचित्र. ऊर भरून आला आणि मी तो संदेश तीन गटांवर पाठवूनही दिला. इफ्तारनंतर विज्ञान शाखेत शिकणारी भाची म्हणाली, ‘मामू, इराणमधून हा मेघ क्षितिजाच्या वर येतच नाही. आणि दुर्बीण तर साडेसहाशे वर्षांनी आली. मग त्यांनी पाहिला कसा?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून वाचायला बसलो, आणि जे सापडले ते त्या संदेशापेक्षा कितीतरी मोठे निघाले.

अब्द अल-रहमान अल-सूफी हे दहाव्या शतकातले इराणमधले खगोलज्ञ. टॉलेमीची ताऱ्यांची यादी त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून उतरवली नाही. एकेक तारा पाहून त्याची तेजस्विता नव्याने नोंदवली आणि इ. स. ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवरचा ग्रंथ सिद्ध केला. देवयानी तारकासमूहातला ‘छोटा ढग’ त्यांनी त्यात नोंदवला. ती आपल्या शेजारची मोठी दीर्घिका आहे, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

आणि दक्षिणेचा मेघ? आपण ज्याला अगस्त्य म्हणतो तो तारा अरबांचा सुहैल. त्याच्याही खाली काही शुभ्र तेज आहे, ते इराक आणि नज्दमधून दिसत नाही, पण तिहामाचे, म्हणजे तांबड्या समुद्राच्या काठचे लोक त्याला ‘गायी’ म्हणतात, अशी ऐकीव माहिती अल-सूफींनी दिली. पुढे त्यांनी स्पष्ट लिहिले की टॉलेमीने यातले काही सांगितलेले नाही, त्यामुळे हे खरे की खोटे ते आपल्याला ठाऊक नाही. ते तेज म्हणजेच मोठा मॅगेलन मेघ, असे आज अनेक अभ्यासक मानतात. पण ज्यांच्या नावावर आपण शोध चिकटवतो आहोत, त्यांनी स्वतः तो दावा केलाच नव्हता. पाहिले ते ‘पाहिले’, ऐकले ते ‘ऐकले’, आणि माहीत नाही ते ‘माहीत नाही’, असे त्यांनी वेगवेगळे ठेवले. गच्चीवरच्या बुजुर्गांनी नेमके हेच विचारले असते.

या मेघांचे पुढचे विज्ञानही याच शिस्तीवर उभे आहे. मोठा मेघ आपल्यापासून सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर, लहान मेघ सुमारे २ लाख. दोन्ही आपल्या आकाशगंगेच्या सोबतच्या छोट्या दीर्घिका. महाराष्ट्रातून त्या क्षितिजाला जेमतेम लागतात. चिली, ऑस्ट्रेलियातून मात्र कापसाच्या पुंजक्यांसारख्या दिसतात. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेविट यांनी पेरूहून आलेल्या काचेच्या छायाचित्रांवर या मेघांतले १,७७७ रूपविकारी तारे टिपले. १९१२ मध्ये त्यांनी लहान मेघातल्या २५ ताऱ्यांवरून दाखवले की ज्याची तेजस्विता कमी-जास्त होण्याचा काळ मोठा, तो तारा मुळात अधिक तेजस्वी. विश्वाची अंतरे मोजायची पट्टी पुढे यातूनच तयार झाली.

फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मेघातला एक तारा फुटताना दिसला. उजेडाच्या काही तास आधी त्याचे न्यूट्रिनो कण पृथ्वीवर पोहोचले. जपान, अमेरिका आणि तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या उपकरणांनी मिळून जेमतेम दोन डझन टिपले. तेवढ्यावरून ताऱ्याचा गाभा कोसळतो, या सिद्धांताला प्रत्यक्ष पुरावा मिळाला. पुढे २०११ मध्ये हर्शेल दुर्बिणीने त्या अवशेषात धूळ पाहिली. थोडीथोडकी नव्हे, सूर्याच्या सुमारे निम्म्या वस्तुमानाइतकी. ही धूळ म्हणजे काजळी आणि वाळूसारखे अतिसूक्ष्म कण. अशाच धुळीतून आणि वायूतून नवे तारे आणि पृथ्वीसारखे ग्रह घडतात. स्फोटाच्या उलट फिरणाऱ्या लाटेत यातली किती धूळ टिकेल, असे विचारले तर शास्त्रज्ञ आजही म्हणतात, अजून ठाऊक नाही. म्हणूनच शोध चालू आहे. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीनेही लहान मेघातले तरुण तारे न्याहाळले आहेत. त्या दुर्बिणीच्या उभारणीत बेंगळुरूच्या संस्थेबरोबर पुण्याच्या आयुकाचाही वाटा आहे.

आता मूळ मुद्दा. ‘हे सगळे आमच्याकडे आधीच होते’ हा रोग एका समाजाचा नाही. एका गटावर ग्रंथात महास्फोट सापडतो, दुसऱ्या गटावर पुराणात विमाने. पूर्वजांचा अभिमान हवाच, अल-सूफींचाही आणि आर्यभटांचाही. पण खोट्या दाव्याने त्यांचा मान वाढत नाही, उलट त्यांनी खरोखर केलेले काम झाकले जाते. आणि शिकणारी मुले एकदा फसली की खऱ्या गोष्टीवरही शंका घेतात. माझ्या भाचीने त्या दिवशी मला नाही, अल-सूफींनाच खोटे मानले असते तर दोष कोणाचा?

आपल्याला ज्याचे ज्ञान नाही त्याच्यामागे लागू नये, ही कुरआनची शिकवण आहे. रोजात आपण पोटाबरोबर जिभेलाही लगाम घालतो. आजच्या काळात त्या जिभेत अंगठाही आला, मोबाइलवर संदेश पुढे सरकवणारा.

मी त्या तिन्ही गटांवर दुरुस्ती पाठवली. एकाने विचारले, ‘म्हणजे आपला माणूस पहिला नव्हता?’ मी लिहिले, ‘दक्षिणेचा मेघ त्यांनी पाहिला नव्हता, आणि पाहिला असे म्हटलेही नाही. म्हणूनच तो आपला माणूस.’

रमजानच्या २९ तारखेला पुन्हा गच्चीवर जमू. चाँद दिसला तर सांगू, नाही दिसला तर तेही सांगू. त्याने ईद एक दिवस पुढे गेली तरी चालेल.