स्लीपिंग बॅगची काळजी हाही उपचारच!

सियाचीनमध्ये १९८४ पासून आपले जवान तैनात आहेत. हिवाळ्यात तिथे पारा उणे ५० अंशांपर्यंत उतरतो. स्लीपिंग बॅग ऊब देते, असे तुम्हाला वाटेल; पण ऊब शरीराचीच असते. बॅगेतल्या पिसांत अडकलेली हवा ती फक्त धरून ठेवते. घामाने पिसे ओली होऊन गोळा झाली, की ही हवा उरत नाही. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले, की हायपोथर्मिया होतो. म्हणूनच बॅग नीट वाळवणे आणि वापरात नसताना सैल ठेवणे, हा माझ्या मते प्रतिबंधक उपचारच आहे.

तपासणीत ‘बॅग खराब’ एवढा शेरा पुरत नाही. ‘पायाकडची पिसे गोळा झाली, चेन लागत नाही’ असे नेमके लिहायला हवे. तुम्ही नुसते ‘बरे वाटत नाही’ म्हणालात, तर मीही ‘नेमके काय होते?’ असे विचारतोच ना?