सवलत दहावीच्या पेपरात, अडचण आठवीच्या वर्गात

मध्य प्रदेशातल्या पीथमपूरच्या कारखान्यांत राबणाऱ्या मराठी घरांतली मुलं घरी मराठी बोलतात, गल्लीत हिंदी, आणि शिकतात हिंदीतून किंवा इंग्रजीतून. अशा घरातला आठवीचा मुलगा ‘ध’च्या जागी ‘घ’ लिहितो, फळ्यावरची मधलीच ओळ गाळतो, तोंडी अचूक सांगितलेलं उत्तर कागदावर अर्धंच उतरवतो, तेव्हा दोष भाषेवर, मोबाइलवर किंवा आळसावर टाकून सगळेच मोकळे होतात. खरं तर अध्ययन अक्षमता असेल तर ती घरच्या भाषेतही डोकावते. म्हणून तपासणी मराठीतही व्हायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५मध्ये आणलेली ‘डाली’ चाचणी हिंदी आणि मराठी दोन्हींत आहे, पण ती बेतली गेली पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. त्या वयात जो नजरेतून सुटला, त्याची आठवण शाळेला थेट दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना होते.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नताही आहे आणि अध्ययन अक्षमताही. कलम १६ लवकर निदान करायला सांगतं. कलम १७मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. तरी व्यवहारात ‘आधी प्रमाणपत्र आणा’ हेच ऐकू येतं. ४० टक्के दिव्यांगत्वाची अट सगळ्याच मदतीला लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्येच स्पष्ट केलं: आधी लेखनिक नाकारलेल्या एका उमेदवाराच्या, मग डिसग्राफियामुळे (लेखनातल्या अक्षमतेमुळे) ‘नीट’मध्ये जादा वेळ मागणाऱ्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात. बोर्डाच्या सवलतीला कागद लागेलही. पण छापील टिपणं देणं, घटक चाचणी तोंडी घेणं, स्वमग्न मुलीला गोंगाटापासून दूरचा बाक आणि वेळापत्रकातल्या बदलाची आदल्या दिवशी सूचना देणं, यासाठी कुणाच्या शिक्क्याची वाट का पाहायची?

अशा सवलती म्हणजे बाकीच्यांवर अन्याय, असं काही पालक म्हणतात. पण विज्ञानाचा पेपर विज्ञान तपासतो, हाताचा वेग नव्हे. तेव्हा जादा वेळाने कुणाचे गुण हिरावले जात नाहीत. शुद्धलेखनाच्याच प्रश्नाला वेगळा न्याय लावावा लागेल, हे मात्र मान्य. शिक्का बसेल ही भीतीही खरी आहे, पण ‘ढ’ हा शिक्का तर त्या मुलावर केव्हाच बसलेला असतो. भरलेल्या वर्गात एकटे शिक्षक काय करणार, हा आक्षेप सर्वांत वजनदार. त्याचं उत्तर शासनानेच द्यायचं आहे: वरच्या वर्गांत अशा १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण ठरलेलं आहे, आणि मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पदं मंजूर करायला बजावलंही आहे.

घरची बाजू इथे कारखान्याच्या पाळ्यांशी बांधलेली आहे. बाबांची पाळी बदलली की जेवणाची, झोपेची, टीव्हीच्या आवाजाची वेळ बदलते, आणि ठरलेल्या क्रमावर विसंबणाऱ्या स्वमग्न मुलाचा तोल त्या दिवशी शाळेतही सुटतो. त्याला हट्टी म्हणण्याआधी पुढच्या पाळीचं वेळापत्रक त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवर लावावं, आणि वर्गशिक्षकांनाही कळवावं. शाळेनेही पालकसभा रविवारी घ्यावी, म्हणजे वडीलही येतील. आठवीच्या पहिल्याच सभेत या मुलाला काय जमतं, कशाने त्रास होतो, काय केल्याने सोपं जातं, हे अर्ध्या पानात लिहून प्रत्येक विषयशिक्षकाच्या हाती द्यावं. या जूनपासून एवढं सुरू करायला कुठल्याच शाळेला वरून आदेशाची गरज नाही.