दुखते कंबर, खचते मन

आपल्या चलथाणात अंगमेहनतीला तोटा नाही. उसाच्या मोळ्या, यंत्रमागाचे बीम, कापडाचे ताके उचलता उचलता एखाद्या दिवशी कंबर धरते. मग गोळी, मलम, शेक सुरू होतो. मनाकडे मात्र कोणी पाहत नाही, हीच आमची तक्रार आहे.

दुखापतीनंतर पहिले काही दिवस माणूस जपून वागतो, ते योग्यच. पण ‘वाकलो तर पुन्हा लचकेल’ ही भीती घर करून बसली, की तो हालचालच टाळतो. त्यामुळे स्नायू दुबळे होतात, थोड्या कामानेही दुखते आणि भीती आणखी वाढते. हे चक्र व्लायेन व लिंटन या संशोधकांनी 2000 साली सविस्तर मांडले. त्यात बुडालेल्या रोजाची चिंता आणि अपुरी झोप. वर कोणी ‘कामचोर’ म्हटले, की माणूस बोलणेच बंद करतो. एक्स-रे साफ आला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली जगात सुमारे 61.9 कोटी लोकांना कंबरदुखी होती. तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठी संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायामाबरोबर मानसिक उपचारांनाही स्थान आहे. कमरेच्या पट्ट्याची मात्र सरसकट शिफारस नाही.

‘मनाचे उपचार म्हणजे वेड्याचे’ हा समज आता सोडायला हवा. पालकहो, दुखणाऱ्याला सहा महिने खाटेवर बसवू नका. डॉक्टरांना विचारून रोज थोडे चालवा. पाय बधिर झाले किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठा. मन फार खचले असेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

मुलांनो, पप्पा चिडले तर तो राग तुमच्यावरचा नसेल, दुखण्याचाही असेल. संध्याकाळी त्यांच्यासोबत दोन फेऱ्या मारा.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे, की पुढील पालक सभेत गुणपत्रिकांबरोबर या विषयालाही अर्धा तास द्यावा आणि एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलवावे. घरातला कर्ता माणूस मनाने खचला, तर त्याची झळ मुलाच्या अभ्यासापर्यंत पोहोचते. म्हणून हा प्रश्न शाळेचाही आहे.